समुद्रतळाची साक्ष

भूमी कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, हा प्रश्न वरवर पाहता बालिश वाटेल. लाट जेथे वाळूला भिडते तेथे, असे कोणीही सांगेल. परंतु कायद्याला हे उत्तर पुरत नाही. भूशास्त्राला तर ते मुळीच पुरत नाही. आणि ज्या समाजाच्या आद्यकथेतच समुद्राला मागे सारून भूमी मिळविल्याचा वृत्तान्त आहे, त्या आमच्या समाजाला हा प्रश्न परका वाटण्याचे काहीच कारण नाही. भगवान परशुरामांनी सह्याद्रीवरून बाण सोडला, सागर हटला आणि उघड्या पडलेल्या भूमीवर त्यांनी लोकांस वसविले, ही कथा सह्याद्रिखंडाच्या द्वारे आणि घरोघरच्या आज्यांच्या मुखाने आमच्यापर्यंत आली आहे. बाणावली या गावाचे नाव त्या बाणाशी जोडण्याची रीत तर सर्वश्रुतच आहे.

ग्वाल्हेरच्या लष्करातील दाना ओलीत, समुद्रापासून शेकडो कोस दूर बसून आम्ही या विषयावर लेखणी उचलीत आहोत, याला निमित्त आहे. समुद्राखाली नगर सापडले, समुद्राखाली देऊळ सापडले, आणि हे सारे ‘सोनार’ यंत्राने सिद्ध केले, असे वृत्तान्त चित्रांसह आपल्या मंडळींत वारंवार फिरत असतात. ज्यांची कुलदैवते कोकणात व गोमंतकात आहेत अशा घरांत ते विशेष आदराने वाचले जातात. आमचा व्यवसाय वकिलीचा. साक्षीदार कोण, त्याने प्रत्यक्ष काय जाणले आणि त्याच्या तोंडी इतरांनी काय घातले, हे विचारल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. म्हणून या साक्षीदाराचा पूर्वेतिहास आधी पाहू.

समुद्राची खोली मोजण्याचे जुने साधन म्हणजे दोरी आणि शिशाचा गोळा. मोजण्याचे माप वाव. दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर, म्हणजे सुमारे सहा फूट. आमच्या किनाऱ्यावरील मच्छीमार आजही वावांत बोलतो. गोळ्याच्या बुडाशी खळगा असे व त्यात चरबी भरलेली असे. गोळा तळाला टेकला की चरबीला वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई, आणि नकाशावर खोलीच्या आकड्याजवळ तळाचा प्रकारही नोंदला जाई. हा साक्षीदार मितभाषी, पण प्रत्यक्षदर्शी होता. त्याने तळाला स्पर्श केलेला असे. त्याचे वैगुण्य एवढेच की, एका ठिकाणचे तो सांगे आणि तेथून चार कोसांवरच्या पुढल्या ठिकाणापर्यंत मध्ये डोंगर आहे की दरी, याविषयी त्याला काहीच ठाऊक नसे. खोल समुद्रात एकेका मापाला तासन् तास लागत.

१९१२ साली ‘टायटॅनिक’ जहाज हिमनगावर आदळून बुडाले, आणि पाण्यातील अडथळ्याचा सुगावा आवाजाने लागेल काय, या विचाराला जोर आला. जर्मनीत बेम आणि अमेरिकेत फेसेंडेन यांनी प्रतिध्वनीचे प्रयोग केले; पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भयाने फ्रान्समध्ये लान्झवँ यांनी स्फटिकाच्या साहाय्याने अतिसूक्ष्म कंपनांचा ध्वनी पाण्यात सोडला. युद्ध संपले आणि विद्या उरली. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन नौकेने दक्षिण अटलांटिक महासागर आडवा-उभा ओलांडून प्रतिध्वनीने हजारो खोल्या मोजल्या.

आमच्या अरबी समुद्राची पाळी १९३३ साली आली. भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाचे माजी संचालक सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली जॉन मरे मोहीम ‘माबाहिस’ या इजिप्शियन नौकेतून निघाली आणि १९३४ पर्यंत या समुद्रात फिरली. प्रतिध्वनियंत्राने तिला दाखविले की, समुद्रतळावरील प्रचंड कार्ल्सबर्ग पर्वतरांगेच्या मध्यभागी खोल दरी आहे. पूर्व आफ्रिकेतील खचदऱ्यांशी या दरीचे साम्य त्याच काळी ध्यानात आले होते. भूखंड एकमेकांपासून दूर सरतात, हा सिद्धान्त सर्वमान्य होण्यास आणखी तीस वर्षे लागली. साक्ष नोंदली गेली होती. तिचा अर्थ लावणारा न्यायाधीश मागाहून आला.

स्वातंत्र्यानंतर १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्यातील भारताच्या सहभागातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. डॉ. पणिक्कर तिचे पहिले संचालक होते. गोमंतकात दोना पावला येथे वसलेली ही संस्था आमच्या कित्येक वाचकांच्या कुळागरांपासून फार दूर नाही. १९७६ साली ‘गवेषणी’ आणि १९८३ साली ‘सागर कन्या’ या संशोधननौका देशाच्या सेवेत आल्या आणि आपल्या समुद्रबूड जमिनीचे मोजमाप आपले लोक करू लागले.

आता यंत्राचा व्यवहार थोडक्यात सांगितला पाहिजे. ‘सोनार’ हे इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे बनविलेले नाव आहे. मराठी कानाला त्यात सोन्याचा कसबी ऐकू आला तर तो दोष कानाचा नव्हे. नौकेखालून ध्वनी सोडतात. तो तळाला आपटून परततो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी दर सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. जाऊन येण्यास ४ सेकंद लागले तर एकूण प्रवास ६,००० मीटर, म्हणून खोली ३,००० मीटर. पाण्याची उष्णता, क्षारता व दाब यांनुसार हा वेग बदलतो, म्हणून तो त्या त्या ठिकाणी मोजून घ्यावा लागतो. त्यात हयगय झाली तर सपाट तळही वाकडा दिसतो. पुढे एका ध्वनीऐवजी पंख्यासारखे पसरणारे अनेक ध्वनी एकदम सोडणारी यंत्रे निघाली. त्यांनी नौकेच्या दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा एका फेरीत मोजला जातो. दुसऱ्या प्रकारची यंत्रे बाजूने तिरका ध्वनी टाकतात आणि उंचवट्यांच्या सावल्यांचे चित्र काढतात. तिसरा प्रकार खर्जातील ध्वनीचा. वरच्या पट्टीतला ध्वनी तळावरूनच परततो व बारीक तपशील देतो. खर्जातला गाळात शिरतो, थराथराला आपटून येतो आणि तळाखालची रचना सांगतो, पण बारकावे त्याला सांगता येत नाहीत.

प्रतिध्वनी वस्तुतः तीनच गोष्टी सांगतो: तो किती वेळाने आला, किती जोराने आला आणि कोणत्या दिशेने आला. ‘चिखल’, ‘बसाल्ट’, ‘प्रवाळ’, ‘भिंत’ हे शब्द त्याचे नाहीत; ते ऐकणाऱ्याचे आहेत. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर ते तज्ज्ञाचे मत आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तज्ज्ञाच्या मताची योग्यता बदललेली नाही. न्यायालय ते ऐकते, त्याची कारणे तपासते आणि त्याला पुष्टी शोधते. सोनाराला दागिन्याचा रंग दिसतो, पण भाव ठरविण्यापूर्वी तो दागिना कसोटीवर घासतो. समुद्रतळाच्या बाबतीत ही कसोटी म्हणजे तळातून प्रत्यक्ष वर काढलेला दगड किंवा गाळ.

आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा खडक भूशास्त्रज्ञ हातोडीने फोडून पाहू शकतो. तो विंध्य समूहाचा वालुकाश्म आहे, अतिप्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. ज्या कड्यांत तोमर राजांच्या काळी भव्य जिनमूर्ती कोरल्या गेल्या तोही एके काळचा समुद्रतळच आहे. येथे साक्षीदार उजेडात उभा आहे. कोकणासमोरच्या समुद्रात तो पाण्याखाली असतो, एवढाच फरक. परीक्षेची रीत तीच.

ही परीक्षा पश्चिम किनाऱ्यावर झाली तेव्हा काय दिसले? भूमीला लागून असलेली समुद्रबूड जमीन खंबायतच्या आखातासमोर ३०० किलोमीटरांहून अधिक रुंद आहे आणि दक्षिणेस कोचीपर्यंत ती सुमारे ६० किलोमीटरांवर येते. तिच्या कडेपासून खंडान्त उतार खाली खोल समुद्राकडे जातो. किनाऱ्यालगतचा तळ नद्यांनी आणलेल्या चिखलाचा आहे. पण बाहेरच्या भागात प्रतिध्वनी कणखर होतो, आणि वर काढलेल्या नमुन्यांत चुनखडीची वाळू व माशाच्या अंड्यांसारखे वाटोळे कण सापडतात. असे कण उबदार, उथळ आणि लाटांनी ढवळलेल्या पाण्यातच बनतात. ते आज ६० ते १०० मीटर खोलीवर पडलेले आहेत. किरणोत्सर्गी कर्बाने त्यांचे वय सुमारे नऊ ते बारा हजार वर्षे ठरले. मुंबईसमोर ‘पन्नास वावांचे पठार’ नावाचा विस्तीर्ण चुनखडीचा प्रदेश आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नायर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ५५, ७५, ८५ व ९२ मीटर खोलीवरील पायऱ्या नोंदल्या. समुद्र चढताना जेथे जेथे थबकला तेथे त्याने त्या कोरल्या असा त्यांचा अर्थ लावला गेला.

काही ठिकाणी मात्र यंत्र मौन धरते. किनाऱ्याजवळच्या चिखलात कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा वायू अडकलेला असतो. खर्जातला ध्वनीही त्यात विरून जातो आणि खालचे थर दिसेनासे होतात. संस्थेच्या सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पश्चिम किनाऱ्यावरील या झाकोळाचे वर्णन प्रसिद्ध केले. खाली काही दिसत नाही याचा अर्थ खाली काही नाही असा त्यांनी केला नाही. मौनालाही कारण असते हे त्यांनी दाखविले.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती, आणि मुंबईसमोरचा किनारा २०० किलोमीटरांहूनही दूर होता. मग बर्फ वितळले, समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ पोहोचला. अर्थात् माणसाच्या काळातील मोठी हालचाल समुद्राच्या पुढे येण्याची आहे, मागे हटण्याची नव्हे. काही उत्साही मंडळी म्हणतात की सोनारने परशुरामकथा सिद्ध केली. काही उपहास करणारे म्हणतात की ती खोटी ठरविली. आमच्या मते दोघेही साक्षीदाराला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालीत आहेत. परशुरामकथा ही भूमीशी असलेल्या ऋणाची, ती कोणाच्या कृपेने मिळाली याच्या स्मरणाची कथा आहे. तिला सत्यापनासाठी प्रतिध्वनीचा दाखला जोडावा लागत नाही, आणि तसा दाखला जोडणाऱ्याने उद्या तो उलटला तर काय, याचा विचार केलेला नसतो.

असे उलटणे प्रत्यक्ष घडले आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने खंबायतच्या आखातात प्रदूषणाची पाहणी करीत असता तिरक्या ध्वनीच्या यंत्राने काही चौकोनी आकार टिपले. खोली सुमारे ३० ते ४० मीटर. २००१ व २००२ साली तेथे प्राचीन नगर असल्याची घोषणा झाली. तळ खरवडून आणलेल्या वस्तूंत एक लाकडाचा तुकडा होता. त्याचे वय सुमारे ९,५०० वर्षे निघाले आणि तेच नगराचे वय ठरविण्यात आले. पुरातत्त्वज्ञांनी आक्षेप घेतला तो रास्त होता. या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरांहून अधिक असतो; तेथील प्रवाह लाकूड कोठून कोठे नेतील याचा नेम नाही. खरवडून आणलेली वस्तू कोणत्या थरातली हे सांगता येत नाही. लाकूड जुने आहे एवढ्याने ज्या आकारांजवळ ते सापडले ते आकार घरांचे आहेत, हे कसे ठरणार? प्रवाहांनी कोरलेल्या तळावर आणि यंत्राच्या स्वतःच्या दोषांतूनही सरळ रेषा उमटतात.

आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हनुमंत विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याविषयी जो इशारा दिला, तो येथे अक्षरशः लागू पडतो. जुन्या इंग्रज न्यायाधीशाचे मत उद्धृत करून न्यायालयाने बजावले की, सुट्या गोष्टी एकमेकींस जुळवून दाखविण्यात मनाला आनंद होतो, आणि त्या जुळाव्यात म्हणून मन त्यांना थोडेसे ताणतेही. खंबायतमध्ये ताणले गेले ते हेच. द्वारकेस याउलट पाणबुडे स्वतः खाली उतरले, त्यांनी तीन छिद्रांचे दगडी नांगर हाताने चाचपले, मोजले. त्या नांगरांच्या अस्तित्वाविषयी कोणी वाद घालीत नाही. त्यांचा काळ आणि अर्थ यांविषयीचा वाद वेगळा, आणि तो स्पर्शानंतरचा आहे.

ध्वनीचा आरोप कसोटीला उतरल्याची उदाहरणेही आमच्याच समुद्रात आहेत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखाली तेलाला अनुकूल उंचवटा आहे हे खर्जातल्या ध्वनीने दाखविले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे विहीर खणली आणि तेल लागले. लक्ष्मी द्रोणीत ‘सागर कन्या’च्या पंख्यासारख्या ध्वनीने तीन जलमग्न पर्वत मोजले गेले, त्यांना रामन, पणिक्कर व वाडिया ही नावे मिळाली. त्याच द्रोणीत गाळाखाली एक विस्कटलेला थर ध्वनिचित्रांत दिसला. सुमारे ३३० किलोमीटर लांब आणि १९० किलोमीटर रुंद असे हे प्राचीन भूस्खलन असावे असा तर्क झाला, आणि त्याला नटराजाचे नाव देण्यात आले. २०१५ साली ‘जॉइडिस रेझोल्युशन’ या नौकेवरून, गोव्यातील केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट यांच्या संयुक्त नेतृत्वाखाली, साडेतीन हजार मीटर पाण्याखाली हजार मीटरांहून अधिक खोल छिद्रे पाडली गेली. वर आलेल्या नळ्यांत उलटेपालटे झालेले खडकांचे तुकडे सापडले. पश्चिम किनाऱ्यासमोरचा उतार सुमारे एक कोटी आठ लक्ष वर्षांपूर्वी ढासळला होता, हे आता तर्क म्हणून नव्हे तर हाती आलेल्या पुराव्यावरून सांगता येते.

कोणी विचारील की, या काटेकोरपणाने साधते काय? यावर आमचे उत्तर कायद्यातून आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ अन्वये समुद्राखालील भूमी व खनिजे संघराज्याच्या स्वाधीन आहेत, आणि १९७६ च्या अधिनियमाने समुद्रबूड जमिनीवरील देशाचे हक्क सांगितले आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचा करार १९८२ साली झाला; भारताने १९९५ साली त्याला अनुमोदन दिले. त्याच्या ७६ व्या अनुच्छेदाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडेही तळावर हक्क सांगता येतो, पण तो सिद्ध करावा लागतो. प्रथम खंडान्त उताराचा पायथा दाखवावा लागतो. विरुद्ध पुरावा नसेल तर, ढाळ जेथे सर्वाधिक पालटतो तो बिंदू. तेथून ६० सागरी मैलांपर्यंत हक्क चालतो. किंवा गाळाची जाडी पायथ्यापासूनच्या अंतराच्या निदान एक शतांश असेल तेथपर्यंत. पायथ्यापासून १०० किलोमीटरांवर एक किलोमीटर गाळ असला पाहिजे, असा हा हिशेब. त्यावर बाहेरची मर्यादाही घातलेली आहे. आणि बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागासाठी करारासोबत एक वेगळी समजूतही नोंदली गेली, कारण तेथे गाळाचा विस्तार असामान्य आहे.

हा गाळ कोणाचा? पूर्वेस गंगा-ब्रह्मपुत्रेचा, पश्चिमेस मुख्यतः सिंधूचा. ज्या नद्यांची नावे आम्ही स्नानाच्या वेळी नित्य घेतो त्यांनी हिमालय झिजवून जे समुद्रात नेले, त्याच्या जाडीवर देशाचा हक्क मोजला जातो. आणि ती जाडी मोजणारा दोरीचा वाव नसून प्रतिध्वनी आहे. भारताने आपला दावा ११ मे २००९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे दाखल केला. भूशास्त्र, भूभौतिकी व जलमापन यांचे एकवीस तज्ज्ञ तेथे प्रत्येक रेघेला पुरावा मागतात. तेथे मनोहर चित्र चालत नाही. ज्या देशात खंबायतच्या रेघांवरून नगर उभे करण्याची घाई होते, त्या देशाच्या बाकीच्या रेघांकडेही परीक्षक अधिक संशयाने पाहणार नाहीत काय? आपल्या मोजणाऱ्यांची पत हीदेखील राष्ट्राची ठेव आहे, आणि ती श्रद्धेच्या नावाने उधळण्याचा अधिकार कोणासही नाही.

तेव्हा यापुढे देवळाच्या सभामंडपात कोणी समुद्रतळाचे चित्र घेऊन आले, तर त्याचा अनादर करू नये; त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे चित्र कोणत्या प्रकारच्या ध्वनीने काढले? तेथे उतरून कोणी स्पर्श केला, किंवा तेथील दगड-गाळ वर आणला काय? आणि हेच आकार पाण्याच्या प्रवाहाने घडले असणे का शक्य नाही? तिन्ही उत्तरे मिळाली तर आपण आनंदाने मान डोलवावी. न मिळाली तर थांबावे. सोनारानेच कान टोचावेत असे आपली जुनी माणसे सांगत; या नव्या सोनाराच्या बाबतीत, टोचणाऱ्याच्या हाती कसोटीचा दगड आहे की नाही एवढे आधी पाहून घ्यावे.